तापमानाचा काटा खरा की खोटा? इंजिनाच्या सेन्सरची घरगुती तपासणी

एप्रिल-मे महिन्यात नांगरट चालू असताना ट्रॅक्टरच्या मीटरवरील तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला की पोटात गोळा येतो. थांबावे तर काम रेंगाळते, चालवीत राहावे तर हेड गॅस्केट जाण्याची किंवा पिस्टन जाम होण्याची धास्ती. मृगाचा पाऊस होऊन वापसा आल्यावर पेरणीला जे मोजके दिवस मिळतात, त्यात ट्रॅक्टर दुरुस्तीला गेला तर झालेले नुकसान गॅरेजच्या बिलात दिसत नाही. ते सुगीला दिसते. म्हणूनच कृषिविद्येचा शिक्षक असूनही या अंकात पिकाऐवजी यंत्राबद्दल लिहीत आहे.

काटा दोन प्रकारे फसवितो. इंजिन व्यवस्थित असताना तो लाल पट्ट्यात जातो आणि आपण घाबरून नको ते खर्च करतो. किंवा इंजिन खरोखर तापलेले असताना तो निवांत खाली पडून राहतो. हा दुसरा प्रकार अधिक घातक. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात इंजिन जाते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या प्रक्षेत्राजवळच्या एका ऊस बागायतदारांच्या ट्रॅक्टरचा काटा चावी फिरविताच थेट लाल पट्ट्यात जाऊन बसू लागला. गॅरेजमध्ये त्यांना हेड उतरवावे लागेल असे सांगण्यात आले. रात्रभर थंड पडलेले इंजिन सकाळी चावी फिरविताक्षणी उकळत्या पाण्याइतके गरम असणे शक्य नाही, एवढा साधा विचार केला असता तरी दोष इंजिनात नाही हे कळले असते. उंदराने वायरचे वेष्टन कुरतडले होते व उघडी तार इंजिनाच्या अंगाला टेकत होती. चिकटपट्टीच्या चार वेढ्यांत काम झाले.

सेन्सरचे काम कसे चालते?

इंजिनाच्या हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या कप्प्याजवळ पितळेचा एक छोटा आटे असलेला तुकडा बसविलेला असतो. त्याचे टोक आतल्या पाण्यात बुडालेले असते. टोकाच्या आत धातूंच्या ऑक्साइडपासून बनविलेला लहानसा मणी असतो, त्याला थर्मिस्टर म्हणतात. आपल्या विहिरीवरील मोटारीची तांब्याची तार तापली की तिचा विद्युत रोध थोडा वाढतो. थर्मिस्टरचे बरोबर उलट आहे. तो तापला की त्याचा रोध घटतो, आणि थोडाथोडका नव्हे, झपाट्याने घटतो. रोध घटला की जास्त वीज वाहते आणि काटा वर सरकतो. सगळी तपासणी या एकाच गोष्टीवर उभी आहे.

आपल्याकडील वाहनांत तीन प्रकार आढळतात. आपल्या वाहनात कोणता आहे ते प्रथम पाहून घ्यावे, कारण तपासणीची रीत त्याप्रमाणे बदलते.

काही जुन्या ट्रॅक्टरांत वीज नसतेच. इंजिनापासून मीटरपर्यंत तांब्याची बारीक नळी गेलेली असते. तिच्या टोकाच्या फुग्यातील द्रव तापला की दाब वाढतो व त्या दाबाने काटा हलतो. याची तपासणी सर्वांत सोपी. फुगा काढून गरम पाण्यात धरावा, काटा चढला पाहिजे. नळी मोडली किंवा पिचली असेल तर ती दुरुस्त होत नाही, मीटरसह नवीन घ्यावी लागते.

दुसरा प्रकार एका वायरीचा. बहुतेक ट्रॅक्टर, जुन्या जीपगाड्या व टेम्पो यांत हाच असतो. एक वायर मीटरकडे जाते आणि परतीची वाट सेन्सरच्या आट्यांतून इंजिनाच्या अंगाला, म्हणजे अर्थला मिळते.

तिसरा प्रकार दोन वायरींचा. मोटारगाड्या, पिकअप आणि धूर-नियंत्रणाचे नवे नियम लागू झालेले ट्रॅक्टर यांत तो असतो. वाहनांना भारत स्टेज ६ हे मानक एप्रिल २०२० पासून आणि ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना ट्रेम ४ हे मानक जानेवारी २०२३ पासून लागू झाले. या इंजिनांत डिझेल किती व केव्हा सोडायचे हे एक छोटी संगणक पेटी ठरविते आणि त्यासाठी पाण्याचे तापमान ती याच सेन्सरला विचारते. त्यामुळे येथे सेन्सर बिघडला तर फक्त काटा चुकत नाही. इंजिन थंडच आहे असे पेटीला वाटले तर ती जादा इंधन सोडते, ॲव्हरेज पडते, धूर वाढतो आणि विजेवर चालणारा पंखा वेळेवर सुरू न होण्याचा धोका राहतो. उलट इंजिन तापलेले आहे असा तिचा समज झाला तर थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनेक नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, तापमान पाच-दहा अंशांनी खालीवर झाले तरी तो हलत नाही. काही गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त निळा व लाल दिवा असतो.

सेन्सरला हात लावण्यापूर्वी

काटा वर गेला म्हणजे सेन्सर खोटे बोलतो असे धरून चालू नये. आधी तो खरे बोलत आहे असे समजूनच पाहणी करावी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरमधील पाण्याची पातळी पाहावी. पंख्याचा पट्टा सैल झाला आहे का, रेडिएटरच्या जाळीत भुसकट, गवताचे बी व धूळ अडकली आहे का हे पाहावे. मळणीच्या हंगामात जाळी दोन दिवसांत बुजते. ती आतल्या बाजूने, म्हणजे पंख्याकडून बाहेर, हवेने किंवा साध्या धारेने साफ करावी.

गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. झाकणामुळे आत दाब राहतो आणि त्या दाबाखाली पाणी ११० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता राहू शकते. झाकण उघडताच दाब जातो, ते पाणी क्षणात उकळते व वाफेसह तोंडावर येते. फडके धरून उघडणारे अनेकजण भाजले आहेत. किमान तासभर थांबावे. वरचा रबरी होज हाताने दाबता येईल इतका मऊ व कोमट झाला की मगच झाकणाला हात लावावा.

पाण्याची पातळी कमी असण्याला आणखी एक महत्त्व आहे. पातळी सेन्सरच्या खाली गेली तर त्याचे टोक पाण्यात न राहता हवेत लोंबकळते. इंजिन भट्टीसारखे तापलेले असते आणि काटा मात्र हळूहळू खाली येतो. चालकाला वाटते इंजिन थंड होत आहे. काम चालू असताना चढलेला काटा काही कारण नसताना एकदम खाली आला तर आनंद मानू नये, ट्रॅक्टर ताबडतोब थांबवावा.

सेन्सर न काढता करावयाची तपासणी

एका वायरीच्या सेन्सरसाठी ही तपासणी दोन मिनिटांची आहे व तिला कसलेही उपकरण लागत नाही. इंजिन बंद व थंड ठेवून फक्त चावी चालू करावी. सेन्सरवरील वायर काढून ती कशालाही टेकणार नाही अशी धरावी. काटा थंडच्या टोकाला राहिला पाहिजे. आता त्याच वायरचे टोक इंजिनाच्या रंग नसलेल्या स्वच्छ धातूला दोन-तीन सेकंद टेकवावे. काटा गरमच्या टोकाकडे धावला पाहिजे. जास्त वेळ टेकवून ठेवू नये, मीटर खराब होऊ शकते. मोजक्या बनावटींत काट्याची दिशा याच्या उलट असते. काटा दोन्ही वेळा वेगवेगळ्या टोकांना गेला म्हणजे मीटर व वायर ठीक आहेत आणि संशय सेन्सरवर येतो. काटा हललाच नाही तर सेन्सर बिचारा निर्दोष असू शकतो. फ्यूज, वायर किंवा मीटर पाहावे. डिझेलचा काटाही त्याच वेळी वेडावाकडा चालत असेल तर दोन्ही मीटरांना मिळणारा पुरवठा किंवा अर्थ बिघडला आहे असे समजावे.

दोन वायरींच्या सेन्सरवर ही वायर टेकविण्याची रीत वापरू नये. तेथे मल्टिमीटर लागतो. तो आता दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि विहिरीची मोटार, बॅटरी, ठिबकची विजेवरची झडप अशा अनेक कामांना उपयोगी पडतो. चावी बंद ठेवून सेन्सरचा प्लग काढावा, मल्टिमीटर डी.सी. २० व्होल्टवर ठेवावा, चावी चालू करावी आणि प्लगमधील दोन टोकांना मल्टिमीटरच्या सळया हलकेच टेकवाव्यात. साधारण ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. दिसले तर पेटी व वायरिंग ठीक आहे. सळया आत खुपसू नयेत, टोके सैल होऊन नवाच दोष निर्माण होतो.

प्लग हातात आहे तोवर त्याची टोके नीट पाहावीत. खताची पोती वाहणाऱ्या पिकअपमध्ये खताची धूळ आणि दमटपणा मिळून तांब्या-पितळेच्या टोकांवर हिरवट थर धरतो. कधी सेन्सर ठीक, कधी बिघडलेला असा खेळ चालतो तेव्हा बहुधा हाच थर किंवा सैल प्लग कारणीभूत असतो. टोके साफ करून पुन्हा बसवावी आणि दोन दिवस गाडी चालवून पाहावी. अनेकांचे काम येथेच संपते.

पातेल्यातील तपासणी

वरील तपासणीत संशय सेन्सरवर आला तरच तो बाहेर काढावा. इंजिन थंड असावे, बॅटरीची ऋण वायर काढलेली असावी. रेडिएटरच्या खालच्या तोटीतून थोडे पाणी स्वच्छ भांड्यात काढून घ्यावे, म्हणजे सेन्सर सोडताच पाण्याचा लोंढा येणार नाही. योग्य मापाचा पाना लावावा. पकडीने सेन्सरचे कान गोल होतात आणि मग तो निघता निघत नाही. तांब्याचे वायसर असल्यास जपून ठेवावे.

काढलेल्या पाण्यात कूलंट असेल तर ते भांडे गोठ्याजवळ किंवा अंगणात उघडे ठेवू नये. कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड व अत्यंत विषारी आहे. कुत्री, वासरे ते चटकन चाटतात, लहान मुलांचाही भरवसा नसतो. सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

आता सेन्सर धुऊन पुसून घ्यावा. एक जुने पातेले घ्यावे, ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. सेन्सर दोऱ्याने किंवा तारेने असा टांगावा की पितळी टोक पाण्यात बुडेल, वरची विजेची टोके कोरडी राहतील आणि भांड्याच्या तळाला किंवा कडेला तो टेकणार नाही. तळ पाण्यापेक्षा गरम असतो, तेथे टेकला तर आकडा चुकतो.

तापमान मोजण्यासाठी दूध डेअरीत वापरतात तो १०० अंशांच्या वरपर्यंतचा थर्मामीटर उत्तम. अंगातील ताप मोजण्याचा थर्मामीटर वापरू नये, तो गरम पाण्यात फुटतो. थर्मामीटर मिळालाच नाही तरी अडत नाही, कारण निसर्गाने दोन खुणा फुकट दिल्या आहेत. बर्फाचे तुकडे व पाणी एकत्र ढवळत ठेवले की ते शून्य अंश असते. उकळते पाणी कोकण किनाऱ्यावर १०० अंश, पुणे-नाशिकच्या उंचीवर सुमारे ९८ अंश आणि महाबळेश्वरसारख्या ठिकाणी ९५ ते ९६ अंश असते. दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो.

मल्टिमीटर ओहमवर ठेवावा. एका वायरीच्या सेन्सरची एक सळई वरच्या टोकाला व दुसरी पितळी अंगाला लावावी. दोन वायरींच्या सेन्सरला दोन टोकांना दोन सळया लावाव्यात. प्रथम गार पाण्यात आकडा घ्यावा, मग मंद आचेवर पाणी तापवीत दर वीस अंशांना एक आकडा कागदावर लिहावा. प्रत्येक वेळी मिनिटभर थांबावे, कारण पितळेला तापायला वेळ लागतो.

दोन वायरींच्या एका सर्रास आढळणाऱ्या प्रकारात २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ४० अंशांना १२००, ६० अंशांना ६००, ८० अंशांना ३२० आणि १०० अंशांना १९० ओहमच्या आसपास आकडे येतात. म्हणजे दर वीस अंशांना रोध साधारण निम्म्यावर येतो. एका वायरीच्या मीटरसाठी असणाऱ्या सेन्सरचे आकडे खूपच लहान असतात. त्यातील एका नेहमीच्या प्रकारात ४० अंशांना २९० ओहम, ६० ला १३५, ८० ला ७० आणि १०० ला ३८ ओहम असा उतार असतो. इतक्या लहान आकड्यांत सळयांच्या वायरींचा स्वतःचा रोधही मिसळतो, म्हणून सुरुवातीला दोन्ही सळया एकमेकींना टेकवून दिसणारा आकडा वजा करावा.

आपल्या सेन्सरचे आकडे याहून वेगळे येतील. प्रत्येक कंपनीचा उतार निराळा असतो, नेमके आकडे त्या वाहनाच्या दुरुस्ती पुस्तिकेत मिळतात. पुस्तिका नसली तरी आकड्यांपेक्षा उताराकडे पाहावे असे माझे मत आहे. तापमान वाढत असताना रोध सलग घटत गेला आणि पाणी निवताना तसाच सलग वाढत परत मूळ आकड्यावर आला, तर सेन्सर बहुधा चांगला आहे. पाणी कितीही तापले तरी आकडा तोच राहिला, मधेच उडी मारली, किंवा मल्टिमीटरवर डावीकडे नुसता १ अथवा ‘ओएल’ अशी अक्षरे राहिली तर आतील जोड तुटला आहे. शून्याजवळ आकडा म्हणजे आतून शॉर्ट. पाणी उकळत असताना सेन्सरवर पान्याने हलके टिचकी मारून पाहावी. आकडा थरथरला तर जोड सैल आहे, आणि ट्रॅक्टरच्या हादऱ्यांत असा सेन्सर शेतात हमखास दगा देतो.

थर्मोस्टॅट हाताशी आलाच असेल तर त्याच पातेल्यात तोही टाकून पाहावा. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या सुमारास तो उघडू लागला पाहिजे. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जी पद्धत पडली आहे ती चुकीची आहे. इंजिन नेहमी थंड राहिल्याने डिझेल जास्त जाते आणि झीजही वाढते.

टोकावरचा पांढरा थर

सेन्सर बाहेर काढल्यावर अनेकदा टोकावर पांढरा कठीण थर दिसतो. ठिबकच्या तोट्या बुजविणारा आणि पाणी तापविण्याच्या भांड्यात बसणारा जो क्षार, तोच हा. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे घातल्याचा परिणाम. या थरामुळे सेन्सरला उष्णता उशिरा पोहोचते व काटा मागे राहतो. पण थर फक्त सेन्सरवर नसतो, तो इंजिनाच्या आतल्या पोकळ्यांतही असतो आणि तेथे तो खरोखर इंजिन तापवितो. सेन्सरचे टोक व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून मऊ ब्रशने घासावे. ठिबकला देतो तसे हायड्रोक्लोरिक आम्ल रेडिएटरमध्ये ओतण्याचा प्रकार मात्र काही ठिकाणी ऐकू येतो. तो कदापि करू नये. ॲल्युमिनियमचे भाग व झाळकाम आम्लाने खाल्ले जाते. यापुढे तयार मिश्रणाचे कूलंट किंवा कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर मिसळून वापरावे. बॅटरीसाठी आणतो तेच पाणी चालते.

पुन्हा बसविताना

नवा सेन्सर घेताना जुना दुकानात सोबत न्यावा. आटे सारखे असले तरी आतला उतार वेगळा असू शकतो, म्हणून पार्ट नंबर जुळवून पाहावा. शक्य असल्यास नव्या सेन्सरचाही गार पाण्यातील आकडा जुन्याच्या किंवा पुस्तिकेच्या आकड्याशी ताडून पाहावा. एका वायरीच्या सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड वेढे देऊ नयेत. त्याला अर्थ आट्यांतूनच मिळतो, टेपने ती वाट अडली की नवाकोरा सेन्सरही काटा हलवीत नाही. पितळी आटे नाजूक असतात, हाताने पूर्ण फिरवून मग पान्याने बेताने आवळावेत.

काढलेले पाणी गाळून परत घालावे. झाकण न लावता इंजिन थंडपणापासून सुरू करून काही मिनिटे मंद चालू द्यावे, बुडबुडे येणे थांबले की पातळी पुरी करून इंजिन तापण्यापूर्वीच झाकण लावावे. हवेचा फुगा आत राहिला तर सेन्सरचे टोक पुन्हा हवेतच राहील. नंतर अर्धा तास हलके काम करून काटा कोठे स्थिरावतो ते पाहावे व त्या जागी मीटरच्या काचेवर रंगाचा बारीक ठिपका द्यावा. पातेल्यात घेतलेले आकडे तारखेसह एका कागदावर उतरवून तो प्लॅस्टिकमध्ये घालून अवजारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. पुढच्या वेळी ताडून पाहायला आपल्याच सेन्सरचे आकडे आपल्याजवळ असतील.

सेन्सर, वायर व मीटर तिन्ही ठीक निघाले आणि काटा तरीही वर जात असेल, तर तो खरे सांगत आहे. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, ऑइल दुधाळ दिसणे, धुरांड्यातून पांढरी वाफ येत राहणे यांपैकी काही आढळल्यास ट्रॅक्टर शेतावरून चालवीत न नेता ओढून गॅरेजमध्ये न्यावा.